अंगावरची झीज

माणूस खोटं बोलतो, शर्ट बोलत नाही, असं मगदूम मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या आणि अख्खा वर्ग हसला. मी हसले नाही. इचलकरंजीहून कोल्हापूरपर्यंत बसमध्ये उभी राहून आले होते, पाठ भरून आली होती आणि वर्गातल्या खुर्च्या लोखंडी होत्या. शिवाय तिशी उलटल्यावर पुन्हा पाटीवर धुळाक्षरं गिरवायची वेळ आलेल्या माणसाला हसू जरा उशिराच येतं.

त्याआधी मी एका मोठ्या कारखान्यात कापड तपासायचे. खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापड सरकत जायचं. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की खडूने खूण करायची. मग कॅमेरे आले. कॅमेऱ्यांचे डोळे दुखत नाहीत आणि ते चहाला उठत नाहीत. आम्हा तपासणाऱ्या बायकांना कारखान्याने हारतुरे देऊन निरोप दिला आणि वर सल्लाही दिला, की आता पुढचं शिका. म्हणून मी 'वस्त्र गुणवत्ता तंत्रज्ञ' या अभ्यासक्रमाला नाव घातलं आणि कोल्हापूरला संस्थेच्या वसतिगृहात राहू लागले. आईला हे मुळीच पटलं नव्हतं. कापडानं हाकललं तरी पोरगी कापडाच्याच दारात बसलीय, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

तिथे काय शिकवत ते थोडं सांगायला हवं. पूर्वी कापड किती टिकेल हे बघायला त्याचा गोल तुकडा यंत्रावर लावून तो फाटेपर्यंत घासत. मॅडम म्हणायच्या, यात चूक एवढीच, की जगात कुणीही गोल गोल घासत जगत नाही. खरा शर्ट काखेत घामाने कुजतो, कोपराला ताणतो, टेबलाच्या कडेला घासतो. तेव्हा टिकाऊपणा कळायचा तर वापरलेला कपडाच तपासला पाहिजे, असं ठरलं आणि त्यातून एक नवंच शास्त्र निघालं.

सुताच्या एका धाग्यात कापसाचे कितीतरी तंतू पिळलेले असतात. धागा वाकला किंवा घासला की तंतूच्या सालीवर बारीक चीर पडते. चिरेच्या दिशेवरून ओढ कुठून आली ते कळतं आणि खोलीवरून जोर किती होता ते. कपडा धुतला की साबणाचे आणि पाण्यातले क्षार त्या चिरांमध्ये बसतात. त्यामुळे या धुण्याआधीची चीर कुठली आणि नंतरची कुठली, हेही वेगळं काढता येतं. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. पण क्ष-किरणांचा अगदी बारीक झोत कापडातून सोडला तर तो प्रत्येक चिरेपाशी थोडा विखुरतो. त्या विखुरण्यावरून यंत्र उलटा हिशेब मांडतं, की हा कपडा घातलेलं शरीर कसकसं हललं असेल. या यंत्राला आम्ही 'वाचक' म्हणायचो.

वाचकात शर्ट ठेवला की पडद्यावर बिनचेहऱ्याचा एक माणूस उभा राहून चालू लागायचा. शर्टाच्या मालकाची चाल, एकाच खांद्याला पिशवी अडकवायची सवय, कुशीवर रेलून बसणं, सगळं त्यात यायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आमच्यातला तौसीफ मोमीन म्हणाला, हे यंत्र लग्नं जुळवणाऱ्यांना विकायला पाहिजे. ते घेतलं विमा कंपन्यांनी.

झालं असं, की कारखाने कामगारांना गणवेश देतात आणि वर्षाने जुना घेऊन नवा देतात. जुने गणवेश आधी टिकाऊपणाच्या अभ्यासाला जायचे. मग विमा कंपन्यांच्या लक्षात आलं, की कंबर धरली, गुडघा गेला, खांदा उतरला, हे माणसाच्या आधी त्याच्या शर्टाला कळतं. गणवेश घेताना कामगार ज्या कागदावर सही करायचे त्यात, जुना गणवेश वाचकात घालायला संमती आहे, अशी एक ओळ वाढली. ज्याचा शर्ट वाईट बोलला त्याला 'हलकं काम' मिळू लागलं. मागावरच्या माणसाला गोदामात गठ्ठे मोजायला बसवणं म्हणजे हलकं काम. त्याला कुणी काढून टाकत नाही, फक्त मागाजवळ जाऊ देत नाही.

पण इचलकरंजीच्या बायकांना कापडातलं कुणी शिकवायला जाऊ नये. कॉलर झिजली की ती उसवून उलटी शिवायची, आणि शर्टाचे कफ डावीकडचे उजवीकडे करायचे, म्हणजे शर्ट आणखी दोन वर्षं निघतो, हा आमच्या आज्या-पणज्यांचा उद्योग. तयार कपडे स्वस्त झाल्यावर तो विसरला गेला होता. आता गल्लीगल्लीत तो पुन्हा सुरू झाला. गणवेश परत द्यायच्या आधी बायका कॉलरी उलटवू लागल्या आणि कफांची अदलाबदल करू लागल्या. वाचकाला डाव्या हाताची झीज उजव्या बाजूला सापडायची आणि पडद्यावरचा माणूस चालता चालता अडखळून थांबायचा. खाली शब्द यायचा, 'अनिर्णित'. असे शर्ट माणसाकडे पाठवत. ते वाचणारं माणूस, म्हणजेच तंत्रज्ञ, व्हायला आम्ही शिकत होतो.

शेवटच्या परीक्षेत प्रत्येकाला अनिर्णित शर्टांचा एकेक गठ्ठा मिळाला. शर्ट खरे होते आणि आमची उत्तरंच निकाल म्हणून कारखान्यांना जाणार होती. शर्टावर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. माझ्या गठ्ठ्यातला एक शर्ट हातात घेतला आणि क्रमांक बघायची गरजच उरली नाही. कफाच्या शिवणीच्या शेवटी उलटे टाके घालून मारलेली गाठ कापडाच्या दोन पदरांत लपवलेली होती. गाठ दिसली तर ती शिवण नव्हे, असं म्हणत आईने मला लहानपणी डोक्यात टपल्या मारून ती गाठ शिकवली होती. शर्ट माझ्या वडिलांचा होता.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, शिवानंद दिवटे, कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की तो पुन्हा चालता करणं हे जॉबरचं काम. आण्णांचा सगळा जन्म मागाच्या पोटात हात घालण्यात गेला. आवाजाने कान बधिर झालेले, पण हात शाबूत, याचा त्यांना फार अभिमान होता. आमच्या गावात दहाही बोटं घेऊन म्हातारा झालेला जॉबर शोधावाच लागतो.

मी शर्ट वाचकात ठेवला. डाव्या कफावर आतून एक बारीक, एकसारखी झीज होती. हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असतानाही मनगट सेकंदाला चार-पाचदा हललं की अशी झीज होते. आणि उजव्या कुशीवर झीज जवळजवळ नव्हतीच. मॅडमनी आम्हाला एकच गोष्ट घोकून घेतली होती. झीज आहे ती कुणालाही दिसेल, असायला हवी तिथे नाही ती बघा. चालताना माणसाचे हात हलतात आणि दर पावलाला बाही कुशीला घासते. आण्णांचा उजवा हात चालताना हलत नव्हता.

कंपवात असाच एका अंगाने सुरू होतो. हात स्वस्थ असताना थरथरतो आणि तोच हात चालताना हलायचा थांबतो. यंत्राला कंप डावीकडे दिसला आणि हात थांबलेला उजवीकडे, म्हणून ते अडलं. मी मनातल्या मनात कफ जागच्या जागी लावले आणि सगळं जुळलं. आईने कफ बदलले होते, पण शर्टाची कूस बदलता येत नाही.

मला सुटकेची वाट होती. 'दुरुस्त केलेला नमुना, निर्णय शक्य नाही' असं लिहिलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. फार शर्टांवर तसं लिहिणारा नापास होतो, पण एका शर्टाने काही बिघडलं नसतं. उत्तरं सोमवारी द्यायची होती. रविवारी मी घरी गेले.

आण्णा बाजारातून येत होते. मी दारात उभी राहून त्यांची चाल बघितली. उजव्या हातात भाजीची पिशवी होती. पिशवी घेतलेला हात हलला नाही तर कुणाला काय कळणार? मग मला आठवलं, की गेले कितीतरी महिने हे देवळात जातानाही पिशवी घेऊन जातात. बाप दारात येतोय आणि मी त्याच्या शर्टाची कूस बघतेय, याची मला शिसारी आली.

आईला मी स्वयंपाकघरात गाठलं. ती भाकरी थापत होती. शर्ट माझ्याकडे आलाय एवढंच सांगितलं. भाकरी तव्यावर टाकत ती सगळं बोलून गेली. कफ बदलायला गल्लीत सगळ्यांत आधी तिनेच सुरुवात केली होती, हे तेव्हा कळलं. बाकीच्या बायकांना तिने दुपारी बसवून शिकवलं होतं.

"तू काय बी लिहू नको," ती म्हणाली. "यंत्राला कळंना झालंय न्हवं? मग तुलाबी कळलं न्हाई म्हण."

मी म्हटलं, नाही लिहीत, पण आण्णांना गुपचूप डॉक्टरकडे नेऊ, औषध सुरू करू. आईने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. कारखान्याच्या विम्यावर गावात कुठल्याही डॉक्टरकडे गेलं तरी कागद कारखान्यात पोचतो, आणि विम्याबाहेर जायचं तर ती औषधं जन्मभराची. म्हणजे औषध घ्यायचं तर माग सुटणार, आणि माग धरून ठेवायचा तर औषध नाही. आईने मनाशी हे केव्हाच तोलून पाहिलं होतं आणि माग निवडला होता, कारण माग सुटला की हा माणूस झुरून मरेल अशी तिची खात्री होती.

जेवण झाल्यावर आण्णा ओसरीवर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, आईनं सांगितलंय मला. अलीकडे माग थांबवूनच हात घालतो, असं ते म्हणाले. पूर्वी चालू मागात घालायचे. माग थांबवला की कापडाचं माप घटतं आणि पाळीवरचा साहेब ओरडतो, म्हणून कधी कधी थांबवत नाही.

"परवा बाही ओढली गेली," ते हळूच म्हणाले. "सुटली. आईला बोलू नको."

मी विचारलं, मग मी काय करू? त्यांचा हात मांडीखालून सुटला आणि मला पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी ते थरथरणं दिसलं.

"मला इचारू नको, पोरी. इचारलंस तर मी न्हाईच म्हणणार."

सोमवारी मी लिहिलं. कफ अदलाबदल केलेले आहेत, ते मूळ जागी धरावेत, कंप उजव्या हाताला, उजवा हात चालताना स्थिर, चालू यंत्राजवळ काम धोक्याचं, मेंदूविकाराच्या डॉक्टरला तातडीने दाखवावं. शेवटचं वाक्य उत्तरात अपेक्षित नव्हतं. लिहून झाल्यावर मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन पुढचा शर्ट घेतला. उरलेले शर्ट मी कसे वाचले ते मला आठवत नाही, पण वाचले बरोबर, कारण मी वर्गात पहिली आले.

आण्णांना कारखान्याने बोलावलं. डॉक्टरांनी तेच सांगितलं जे शर्टाने सांगितलं होतं. औषध लागू पडलं, हात बराच थांबला, आणि थांबलेला तो हात घेऊन आण्णा गोदामात गठ्ठे मोजू लागले. मी स्वतःला समजावलं, की बोटं तर वाचली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे?

पण गोष्ट आण्णांवर थांबली नाही. पंधरवडाही गेला नसेल, तोवर आमच्या गल्लीतली आणखी माणसं बोलावली जाऊ लागली. कुणाचा खांदा, कुणाची कंबर, कुणाचा श्वास. सगळ्यांच्या शर्टांच्या कॉलरी उलटवलेल्या आणि कफ बदललेले. मी चक्रावले, कारण ते शर्ट मी पाहिलेसुद्धा नव्हते. तौसीफनेही पाहिले नव्हते. ते कुणाकडे आलेच नव्हते. वाचकाने आता त्यांवर अनिर्णित म्हणायचं सोडून दिलं होतं.

मी मगदूम मॅडमकडे गेले. त्या केबिनमधली पुस्तकं खोक्यात भरत होत्या. आमची उत्तरं यंत्राला शिकवायला वापरतात का, असं मी विचारलं. त्यांनी पुस्तक खाली ठेवलं.

"परीक्षा तुमची होती असं कुणी सांगितलं?" त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता. "कफ बदललेत हे इतक्या स्वच्छ शब्दांत लिहिणारी तू पहिली. बाकीचे अंदाजाने बरोबर यायचे. तू कारण लिहिलंस. यंत्राला कारणच हवं होतं."

पुढची बॅच घेणार नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. यंत्र अडेनासं झाल्यावर तंत्रज्ञ कशाला, आणि तंत्रज्ञ नकोत तर मॅडम कशाला? त्यांना माझा राग आला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं. मला प्रयोगशाळेत मार्चपर्यंतची नेमणूक मिळाली, कपड्यांचे गठ्ठे वाचकात घालायची आणि काढायची.

गल्लीने आईशी बोलणं टाकलं. जिने कफ बदलायला शिकवलं, तिच्याच पोरीने ते ओळखायला शिकवलं, असा हिशेब झाला, आणि तो चुकीचा होता असं मला म्हणता येईना. चैत्रात हळदीकुंकवाचं बोलावणं एकाही घरातून आलं नाही. आई मला काही बोलली नाही. तिने बोलणंच बंद केलं. मी फोन केला की तो आण्णांकडे द्यायची. मग मी रविवारी घरी जाणंही सोडलं. कामाचं कारण सांगायचे, आण्णा बरं म्हणायचे, आणि दोघांनाही ते खोटं आहे हे माहीत असायचं.

आमच्या नेमणुका आणखी महिनाभराने वाढवल्या होत्या. एका दुपारी मी प्रयोगशाळेत एकटी असताना आई दारात उभी. एसटीने एकटी आली होती. घामाने डबडबलेली, हातात पिशवी. मी पाणी दिलं. ते तिने घेतलं नाही. पिशवीतून एक जुना ब्लाउज काढून माझ्यासमोर टेबलावर टाकला. चॉकलेटी रंगाचा, धुऊन धुऊन पांढरट पडलेला, तिचा रोजचा.

"त्येंचं वाचलंस," ती म्हणाली. "आता माझं वाच."

मी म्हटलं, आई, हे यंत्र गणवेशाचं आहे. ती लोखंडी खुर्चीवर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिचं न ऐकायची माझी ताकद संपली होती. मी ब्लाउज वाचकात ठेवला.

पडद्यावर बिनचेहऱ्याची एक बाई उभी राहिली आणि चालू लागली. तिची डावी बाही थरथरत होती. खाली अक्षरं आली: डावा दंड, कंप, कंपवाताचा संशय. आईसुद्धा, असं मनात आलं आणि मी टेबलाची कड धरली.

मग मी चिरा मोठ्या करून पाहिल्या. त्या आतून पडलेल्या नव्हत्या, बाहेरून पडल्या होत्या. दंडावर एका बाजूला चार जागी आणि दुसऱ्या बाजूला एका जागी. चार बोटं आणि एक अंगठा. एक हात त्या दंडावर नुसता टेकलेला होता आणि टेकून थरथरत होता. मी थर उलगडत खाली गेले. एकेका धुण्याखाली तोच हात. सगळ्यांत खालचे थर इतके जुने होते, की तेव्हा गावात ना वाचक आला होता, ना कुणाच्या गणवेशाला कुणी हात लावला होता. त्यावरचा प्रत्येक थर थोडा थोडा जास्त झिजलेला.

आई-आण्णा कधी जोडीने रस्त्याने चालत नसत. मग काही वर्षांपूर्वी अचानक चालू लागले. आण्णा तिच्या डाव्या अंगाला, उजवा हात तिच्या दंडावर. म्हातारपणी जॉबरला बायकोचं प्रेम आलंय म्हणून गल्ली हसायची आणि मीही हसले होते. आई लाजल्यासारखं करायची. मला वाटायचं ती खरंच लाजते.

ब्लाउजला गणवेशाचा क्रमांक नव्हता, म्हणून यंत्र तंत्रज्ञाचा निर्णय मागत होतं. कारण लिहायची चौकट उघडी होती. दुसऱ्या व्यक्तीच्या हाताची झीज, एवढंच लिहायचं होतं. ते लिहिलं असतं तर पुढच्या वर्षी कामगारांच्या शर्टांबरोबर त्यांच्या बायकांचे ब्लाउजही मागवले गेले असते. मी 'नमुना अयोग्य' एवढं दाबलं, आणि कारणाची चौकट कोरी ठेवली. ब्लाउज काढून घडी घातली. घडी नीट पडेना, कारण मला रडू येत होतं. आईसमोर मी किती वर्षांनी रडत होते कोण जाणे.

आई उठली नाही, तिने मला जवळही घेतलं नाही. ब्लाउज पिशवीत ठेवेपर्यंत ती थांबली.

"दिसलं?" तिने विचारलं.

"दिसलं, आई."

"मग घरी चल. औषधानं थरथर कमी हाय, पण पायरी उतरताना अजून धरावं लागतंय." तिने डाव्या दंडावरून हात फिरवला. "माझा दंड भरून आलाय आता. थोडे दिवस तुझी बाही झिजू दे."

मी वाचक बंद केला, प्रयोगशाळेला कुलूप लावलं, आणि आम्ही दोघी इचलकरंजीची गाडी धरायला निघालो.